ओट्याचं माप

शिरूर अनंतपाळ
१२ जानेवारी २००३

सौ. नीलम्मास,

शरणार्थ. मी खुशाल आहे. तिकडे लातुरात तू आणि तुझ्या मेसमध्ये जेवणारी क्लासची पोरं खुशाल असतील. शिल्पाचं नांदेडहून पत्र आलं. हॉस्टेलची डाळ फार पातळ असते म्हणते. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीनं एवढं सोसावं.

घर बरंच पुढे गेलं आहे. आतला गिलावा झाला, फरशी बसली. स्लॅब टाका म्हणून लालमहंमद मिस्त्री मागे लागले होते, पण भूकंपापासून तुला स्लॅबखाली झोप लागत नाही, म्हणून पत्रेच घातले. पुढच्या खोलीला तुझ्या आवडीचा पोपटी रंग दिला. शेजारची धोंडाबाई बघून म्हणाली, "घर हाय का बांगड्याचं दुकान?" मला मात्र रंग आवडला.

काम अडलं आहे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. मिस्त्री म्हणतात, रांधणाऱ्या बाईच्या उंचीवर ओटा बांधावा लागतो, नाहीतर जन्मभर कंबर धरते. तेव्हा तुझ्या कोपरापर्यंतची उंची कळव. मिस्त्री मला हसले. "टेलरमास्तर, समद्या गावाची मापं घेता आन् बायकोचं टपालानं मागवायलात?" हसू देत. घरमालकाच्या फोनवरून सांगू नकोस, तिथे सगळे ऐकत बसतात. पत्रच लिही.

आणि तिकडचं कधी आटोपणार, तेही सवडीनं कळव.

ईश्वरप्पा


शिरूर अनंतपाळ
९ फेब्रुवारी २००३

प्रिय नीलम्मा,

पत्र लिही म्हटलं होतं, तर तू फोनच केलास. "तिथं रांधतंय कोण? तुम्हीच ना? मग तुमच्या मापाचा करा." मागे पोरं भाजी मागत होती. त्यातलं कोणी काही बोललं, तू हसलीस आणि फोन ठेवलास. मला राग आला. दोन दिवस दुकान उघडलं नाही.

शिल्पाच्या अकरावी-बारावीपुरती म्हणून तू गेलीस. तिचा मेडिकलला नंबर लागला, ती नांदेडला गेली, तरी तू तिथेच. यंदाची बॅच होऊ द्या, म्हणालीस. तेही खरंच आहे. तुझ्या हाताला चव आहे आणि तिथे मावशी मावशी करणारी पोरं आहेत. इथे मी आणि शिलाई मशीन. दिवाळीला आलीस तेव्हा पिशवीतले कपडे तू बाहेर काढलेच नाहीस. मी पाहिलं होतं.

आता सांगतो. तुझं माप मला पाठ आहे. लग्न झाल्यापासून तुझे ब्लाऊज मीच शिवतो. तू परत येणार आहेस की नाही, हे मला विचारायचं होतं. ते लिहवेना, म्हणून ओट्याची उंची विचारली.

ओटा झाला. तुझ्याच मापाचा केला. मी मिस्त्रींसमोर हात आडवा धरला आणि म्हणालो, इथवर. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विटा लावायला घेतल्या. मी तुझ्याहून वीतभर उंच, त्यामुळे भाकरी थापताना वाकावं लागतं आणि मग कंबर धरते. ब्लाऊज असता तर उसवून दुरुस्त केला असता. ओटा उसवता येत नाही, आणि आला असता तरी मी उसवला नसता.

मेस बंद कर असं मी म्हणत नाही. पण रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते ना? दुपारच्या एस.टी.नं ये. स्वयंपाक मी करीन, तू नुसती ओट्यापाशी उभी राहा. माप चुकलं असेल तर तोंडावर सांग. एवढ्या घरात मला एकट्याला करमत नाही, नीलम्मा.

तुझ्या ओट्यावर वाकून भाकरी थापणारा,
ईश्वरप्पा