फिरतीवरचा नवरा

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. हे फोनवर बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितेय. एकटी आई म्हणून मला मिळणारा भत्ता थांबवलाय. तपासणीच्या बाईंनी खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडर काकांना विचारलं. काकांनी माझं भलं व्हावं म्हणून सांगितलं, की घर चांगलं आहे, नवरा फिरतीवर असतो, सुट्टीला येतो.

काकांचा काय दोष? राहायला आले तेव्हा काकूंनी विचारलं, साहेब कुठे असतात, आणि माझ्या तोंडून फिरतीवर असं निघून गेलं. मग ते निभावत बसले. त्याचा जुना शर्ट दोरीवर वाळत घालायचा. जिन्यात बंद फोन कानाला लावून, जेवलात का, म्हणून विचारायचं. लिहितानाही कान तापलेत.

कचेरीत म्हणतात, ज्यांनी सांगितलं त्यांनीच येऊन जबाब बदलावा. म्हणजे चिमी रांगत असतानाच तो सोडून गेला, हे मीच काकांना सांगायचं. त्यापेक्षा भत्ता बुडाला तरी चालेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आधी हसले, रागावू नकोस. तो होता तेव्हा तरी त्याच्या जेवणाची इतकी चौकशी केली होतीस का? मग मात्र डोळे पुसत बसले. भत्ता बुडाला तरी चालेल म्हणतेस, पण चिमीचा चष्मा बदलायचाय, तो कशाने बदलणार?

तुला उपदेश करायला निघाले आणि माझंच पेन अडलं. सासूबाईंना मीही सांगून ठेवलं होतं, की तुझे यजमान परदेशी असतात. चारचौघांत त्या ते कौतुकाने सांगत आल्या. परवा जेवताना खरं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, मला लोकांत खोटं पाडलंस. तेव्हापासून अबोला आहे. तेव्हा लाज तुझी एकटीची नाही, अर्धी इकडे आहे.

काकांकडे जा. आणि चिमीला काय सांगितलंयस, ते पत्रात कुठेच नाही.

दोघींना जवळ घेते.

तुझी ताई

दि. २३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

चिमीलाही फिरतीच सांगितली होती. म्हणून लिहिलं नव्हतं.

काकांकडे गेले. सांगता सांगता काकू उठून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. काका म्हणाले, साहेब आले की बुद्धिबळाला बोलवायचं त्यांच्या मनात होतं. ताई, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर कचेरीत निघाले.

खिडकीवरच्या कारकुनाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, नवरा कुठे असतो. माहीत नाही, म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. काकांनी जबाब बदलून दिला, भत्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल. काकूंनी मात्र नातीला आमच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलंय.

घरी येऊन चिमीला सांगितलं. रडली नाही. तिने विचारलं, मग आता शाळेत काय सांगायचं? म्हणजे खोटं कोणतं सांगायचं, असंच विचारत होती ती. हे मी शिकवलंय तिला. मी म्हटलं, घरी आपण दोघीच असतो, एवढंच सांग. मुली हसल्या तर, म्हणाली.

आज सकाळी शाळेच्या बसमध्ये चढता चढता तिने ड्रायव्हरला, कुणी विचारलं नसताना, खणखणीत आवाजात सांगितलं, की आमच्या घरी आई आणि मी दोघीच असतो. सगळी बस ऐकत होती. काकूही नातीला सोडायला आल्या होत्या. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खिडकीतून चिमी माझ्याकडेच बघत होती, मी काय करते ते. मी मान खाली घातली नाही. बस वळेपर्यंत हात हलवत राहिले.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्या घेतील तेव्हा.

तुझीच,
धाकटी