दारामागचा खिळा

प्रिय चिमणे,

तुझं प्रदर्शन पाहून आले. तुला कळवलं नव्हतं, कारण तू शेजारी उभी असलीस की तोंडभर कौतुक करावं लागतं, आणि मला आधी गुपचूप बघायचं होतं. रांगेत माझ्या पुढच्या बाई मैत्रिणीला सांगत होत्या, आत गेलं की रडूच येतं. मला रडू आलं नाही, राग आला.

अख्ख्या दालनात तू मावशीची खोली उभी केलीस. तिचं शिलाई मशीन, तिची खिडकी, टाचण्या खोचलेली ती उशी, तुझा अर्धवट शिवलेला फ्रॉक, मशीनच्या तेलाचा वाससुद्धा. आणि बाहेर पाटी, 'माझं घर'. शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत बसायचीस ते घर होय? मग तापात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस ते काय होतं, धर्मशाळा? मी एकेक कोपरा धुंडाळला. माझा चष्मा नाही, चप्पल नाही, भिंतीवर साधा फोटोही नाही.

मग तिथे विकायला ठेवलेलं प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तक घेतलं. कुणा समीक्षकाने मावशीच्या हातांवर पानंच्या पानं लिहिलीत. माझ्या वाट्याला एक ओळ, 'आई नोकरी करत असे.' करत होते बाई. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासत होते, आणि त्याची मला काडीची लाज नाही. तुझे रंग, ब्रश, कॉलेज, सगळं त्यातूनच झालं. तुझ्या मावशीने, आमच्या ताईने, तर ते पुस्तक बाहेरच्या खोलीतच मांडून ठेवलंय, आणि कुणी आलं की म्हणते, असंच पडलंय इथे. तिने तुला जीव लावला, मला माहीत आहे. तरी परवा फोनवर मी तिच्याशी धड बोलले नाही. या वयात मत्सर, आणि तोही सख्ख्या बहिणीचा. पण वाटतो खरा, तुझ्यापासून काय लपवायचं.

आता तिथल्या गार्डने तुझे कान भरायच्या आधी मीच सांगते. त्या खोलीत शिरले आणि काही कळायच्या आत माझा हात दारामागे गेला, पर्स खिळ्याला अडकवून मोकळी झाले. गार्ड धावत आला. म्हणाला, आजी, कशालाही हात लावायचा नाही. मी पर्स काढली आणि तिथेच थबकले. ताईच्या खोलीत तो खिळा मीच ठोकला होता ना गं, संध्याकाळी तुला न्यायला आले की पर्स अडकवायला. माझ्या पर्सला औषधांचा वास येतो म्हणून ताई ती कपड्यांजवळ ठेवू द्यायची नाही. तिने स्वतः त्याला कधी काही अडकवलं नाही. तुझं ते बुटकं स्टूलही तू बरोबर त्याच्या समोर ठेवलंयस. मी वाकून बघितलं. तिथून ना मशीन दिसतं, ना खिडकी, फक्त रिकामा खिळा दिसतो. रोज इतका वेळ तू त्याच्याकडे बघत बसायचीस, आणि मला कधी बोलली नाहीस.

म्हणून हे पत्र. सोबत माझी ती जुनी पर्स पाठवतेय, एक बंद तुटलाय तो शिवू नकोस. दिवसभर ती कुठेतरी बाजूला असू दे. फक्त रोज संध्याकाळी, दालन बंद व्हायच्या जरा आधी, गार्डला ती खिळ्याला अडकवायला सांग. खोली खुशाल ताईची राहू दे.

तुझीच, आणि मावशीवर अजून थोडी रुसलेली,
आई