बटाट्यावर अडकलेला दादा

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षापासून रोजनिशी. तीन दिवस उशीर झाला, पण वर्ष मोठं आहे.

धाकट्या भावाचा कॉम्प्युटर आज घरी आणला. भावजय म्हणाली, दादा, घेऊन जा, तो समोर दिसला की मला घरात बसवत नाही. आतलं सगळं पुसा आणि कुणाच्या उपयोगी पडत असेल तर देऊन टाका. मी म्हणालो, एका संध्याकाळचं काम आहे.

धाकटा गेला त्याला आता पाच-सहा महिने होतील. मी स्वतःला उत्तम सावरलं आहे. घरात एक तरी माणूस खंबीर लागतोच. बायको म्हणाली, मग बेल वाजलेली नसताना दार उघडायला का जाता? म्हटलं, खात्री करायला.

५ जानेवारी, सोमवार

पुसण्याआधी आत काय आहे ते नजरेखालून घातलं. आंधळेपणाने पुसणं बरोबर नाही.

आत त्याचा तो अंतराळयानाचा गेम आहे. फोनवर तासन्‌तास त्याबद्दल बोलायचा आणि मी हं हं करत वर्तमानपत्र वाचायचो. एक अवाढव्य हिरवा ग्रह. त्याच्याभोवती काही चंद्र चांगले गोल गरगरीत. आणि सगळ्यांत लांब एक लहानसा, वेडावाकडा, कुणीतरी चावा घेऊन टाकलेल्या बटाट्यासारखा. त्या बटाट्यावर एक छोटं यान उभं. इंधन शून्य. आत एक अंतराळवीर. खाली नाव लिहिलेलं: दादा.

दादा म्हणजे मीच. आमच्या घरात दुसरा दादा नाही. मिशीसुद्धा दिली आहे.

गोल खिडकीतून तो बाहेर बघत बसलाय. बाहेर काळं आभाळ, आणि अर्ध्या आभाळात तो हिरवा ग्रह. मधूनच पापण्या मिटतो. मी खुर्ची जरा बाजूला सरकवली. तो माझ्या मागोमाग वळल्यासारखा वाटला. भास असणार.

ठराव: याला आधी घरी आणायचा, मग पुसापुशी. दोन दिवस पुरेत. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे, निम्मं गाव माझ्या हाताखाली गाडी मागे घ्यायला शिकलं. यान म्हणजे तरी काय, गाडीच. फक्त रस्ता नाही.

८ जानेवारी, गुरुवार

पहिलं मदत-यान उड्डाणातच फुटलं. हवा खराब होती. बायको म्हणाली, कॉम्प्युटरात कुठली आलीये हवा? तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

दुसरं थेट ग्रहापर्यंत पोचलं आणि तसंच पुढे निघून गेलं. पुढच्या चौकातून यू-टर्न घेता येत नाही, ही या गेममधली मोठी उणीव आहे.

१४ जानेवारी, बुधवार

बटाट्यावर पोचलो! म्हणजे टेकलो. आणि चेंडूसारखा उडून परत आभाळात. एवढ्याशा चंद्राला ओढच नाही. धड धरतही नाही, धड सोडतही नाही. तीनदा टेकलो, तीनदा उडालो, चौथ्यांदा उलटा झालो.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, त्यामुळे डावा-उजवा कुठलाही पाय आपोआप दाबला जातो. टेबलाखालची फळी तुटली. बायकोला सांगितलं, वाळवी.

१९ जानेवारी, सोमवार

आज खूप वेगात खाली आलो. चुकून. जमीन जवळ आली, आणि स्पीकरमधून आवाज आला:

"हळू, हळू. पळायचंय कुठे आपल्याला?"

मग धाडकन.

धाकटा. बोलण्याआधी बारीक खाकरायची सवय, तीही तशीच.

मी कॉम्प्युटर बंद केला. मग घराचा मेन स्विच बंद केला. बायको अंधारातून म्हणाली, काय झालं? म्हटलं, वायरिंग तपासतोय. थोड्या वेळाने म्हणाली, तपासून झालं असेल तर फ्रिज तरी चालू करा.

२० जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. साधी गोष्ट आहे. जमिनीजवळ वेग जास्त असला की गेम धोक्याची घंटा वाजवतो. त्या घंटेच्या जागी धाकट्याने स्वतःचा आवाज टाकून ठेवला. यात घाबरण्यासारखं काय आहे? मी घाबरलोच नव्हतो.

खात्रीसाठी एकदा परत आपटून पाहिलं. मग त्या खात्रीची खात्री केली.

हे मलाच उद्देशून आहे. यान दादाचं, चंद्रावर दादा, मग बोलणं दुसऱ्या कुणाशी असेल? आयुष्यभर मी त्याला हळू म्हणत आलो. शेवटी त्याने परतफेड केली.

२५ जानेवारी, रविवार

नवीन तंत्र काढलं आहे. हळू उतरलं की यान उडतं, म्हणून जोरात उतरायचं, म्हणजे ते जमिनीत रुतेल. आज दिवसभर प्रयोग. अजून रुतलेलं नाही, पण प्रगती आहे.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, तुमचा वेग रोज वाढतोय की काय? लोकांना तर हळू चालवायला शिकवता. मी तिला जडत्व समजावून सांगितलं. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. थोड्या वेळाने पाहिलं तर दार बोटभर उघडं होतं.

एक गोष्ट मात्र बरी वाटत नाही. बटाट्याचा उतार आहे, त्यावरून दादाचं यान घसरतंय. अगदी हळू. गेम उघडावा तेव्हा ते सावलीच्या जरा जवळ गेलेलं असतं. आज खिडकीवर ऊन नव्हतं. अर्धाच चेहरा दिसला.

३० जानेवारी, शुक्रवार

बँकेतल्या बाईंचा गाडीचा तास. स्पीडब्रेकर आला, बाईंनी वेग कमी केला नाही. माझा पाय ब्रेकवर होता. मी दाबला नाही. मी वाट बघत होतो.

गाडी कचऱ्याच्या डब्यावर गेली. कुणाला लागलं नाही. बाई म्हणाल्या, सर, ब्रेक तुमच्याकडेपण होता ना? म्हटलं, तुमची परीक्षा घेत होतो. त्यांनी पुढचे तास माझ्या असिस्टंटकडे मागून घेतले आहेत. तो जरा जास्तच ब्रेक मारतो, पण असो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भावजयीचा फोन. दादा, ते पुसलंत का? मी म्हणालो, हो, केव्हाच.

असं का म्हणालो माहीत नाही. दिलेलं काम वेळेत करणारा अशी माझी ख्याती आहे, त्यामुळे असेल.

 ती म्हणाली, पुसू नका असं सांगायला फोन केला होता. आता काय. मी म्हणालो, काळजी करू नकोस. याला काही अर्थ नव्हता. तिने फोन ठेवला.

ठराव: रविवारपर्यंत दादाला खाली आणायचं. मग कॉम्प्युटर तिच्या दारात नेऊन ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, सगळं जसंच्या तसं आहे. ती इतकी खूश होईल की मधलं खोटं विसरून जाईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कॉम्प्युटर बंद असताना आवाज आला. हळू, हळू. जिन्यातून. माझ्या हातातलं भांडं पडलं.

बाहेर गेलो. वरच्या मजल्यावरचं कपाट खाली नेत होते. दोन हमाल. पुढचा मागच्याला सांगत होता.

कपाट खाली गेलं, टेम्पो निघून गेला. मी जिन्यातच उभा होतो. शेजारचे मास्तर वर येत होते, म्हणाले, कुणाची वाट बघताय? म्हटलं, हवा खातोय. जिन्यात खिडकी नाही.

दादाचं यान आता पूर्ण अंधारात गेलं आहे. खिडकीत एक बारीक दिवा दिसतो. तो मिटतो, उघडतो. दिवा की डोळे, इतक्या लांबून कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

भावजय अचानक कॉम्प्युटर न्यायला आली. अचानक म्हणजे बायकोने बोलावून घेतलं होतं, हे नंतर कळलं.

मी म्हणालो, अगं, पुसलेल्या कॉम्प्युटरचं तू काय करणार? बायकोने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, काही पुसलेलं नाही. रोज संध्याकाळी आपटत बसतात. आवाज माझ्या ओट्यापर्यंत येतो.

मला वाटलं भावजय आता चिडेल. तिने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. सरळ खुर्चीत बसली आणि यान सुरू केलं. बोटं अशी चालत होती की मी थक्क. म्हणाली, शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे. ते आरामखुर्चीतून सांगायचे, बटणं मी दाबायचे.

बटाट्याजवळ तिने वेग कमी केला नाही. मुद्दाम.

"हळू, हळू. पळायचंय कुठे आपल्याला?"

तिचे हात बटणांवरून सुटले. यान आपटलं.

मग म्हणाली, मला म्हणायचे हे. मी नेहमी घाईने उतरवायचे, म्हणून वैतागून रेकॉर्ड केलं. तुम्हाला काय वाटलं, दादा?

मी म्हणालो, काही नाही. सर्वसाधारण सूचना असेल असं वाटलं.

तिने परत एकदा आपटलं. मग बायको म्हणाली, मी बघू का? जिने आजवर माऊसला हात लावला नव्हता, तिने असलं झकास आपटलं की बटाट्यावर धूळ उडाली. मग माझी पाळी. मग परत भावजय.  रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत आम्ही तिघं आळीपाळीने आपटत होतो आणि तो प्रत्येक वेळी तितक्याच समजुतीने सांगत होता. स्क्रीनमुळे माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. बायकोचाही बदलला असेल.

शेवटी धीर करून विचारलं, मला तिथे एकट्याला का ठेवलं होतं त्याने? माझ्यावर राग होता का?

भावजय पहिल्यांदाच हसली. म्हणाली, राग कसला? दादा कधी सुट्टी घेत नाही, म्हणाले. चल, त्याला आठवडाभर अशा ठिकाणी ठेवू जिथे कुणाला काही शिकवता येणार नाही. पुढच्या रविवारी आणायला जाणार होतो. त्या रविवारी आम्ही दवाखान्यात होतो.

कॉम्प्युटर मीच उचलून खाली नेला. मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर लिहायला वेळ झाला नाही. कामं बरीच होती. कुठली ते आता आठवत नाही. रिकाम्या टेबलावर बायकोने इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आहे. जागा वाया जायला नको, हे बरोबरच आहे.

दुपारी भावजयीचा फोन आला. म्हणाली, दादांना आणलं घरी. सुखरूप.

मी विचारलं, किती वेळा आपटलीस? म्हणाली, एकदाही नाही. पहिल्याच खेपेला, अगदी सावकाश उतरवलं. यान उडालंसुद्धा नाही, नुसतं टेकलं.

आणि आवाज?

हळू उतरलं की आवाज येत नाही ना, म्हणाली. काहीच आलं नाही. अगदी शांत होतं. मी जरा वेळ बसले तशीच. मग जेवून घेतलं.

मी म्हणालो, माझंही जमतच आलं होतं. एकच प्रयत्न बाकी होता.

हो दादा, म्हणाली.

 फोन बराच वेळ कुणीच ठेवला नाही.