टोपण आणि कान

मेसा, अ‍ॅरिझोना

डेलमरदादा,

तू कितीही हस, बंदुकीच्या नळीच्या तोंडाला भोकांचं टोपण लावलं की फरक पडतोच. पिस्तुलाच्याच गोळ्या असल्या म्हणून काय झालं, कार्बाइन उसळतेच ना! वरच्या भोकांतून गोळीमागचा गॅस सुटला की ती दबून राहते. आमचा मालक असंच सांगून टोपणं विकतो, आणि आठवडाभर पत्र्याच्या दणाणत्या शेडमध्ये ती बसवून, गोळ्या झाडून बघायचं काम माझं.

काम बरं आहे. जेवणाचे हाल नाहीत.

रविवारच्या नेमबाजीच्या सामन्यात मात्र गंमत झाली. मी तयार उभा, मागे पंच लोरेटाबाई घड्याळ घेऊन; ते वाजलं की गोळ्या झाडायच्या. शेवटी बाई ओरडल्या, "अरे पोरा, घड्याळ वाजलं की! आमंत्रण पाठवू का?" सगळे हसले. मीही हसलो. दादा, मला ते वाजलेलं ऐकूच आलं नव्हतं. डावा कान तेव्हापासून गुणगुणतोय.

संध्याकाळी टोपण काढून तोच डाव पुन्हा खेळलो. वेळ तेवढाच लागला. कार्बाइनच्या लांब नळीत गॅसचा जोर टोपणापर्यंत येण्याआधीच सरतो, हे तुझं म्हणणं असेलही खरं. पण मालकाला हे कुठल्या तोंडानं सांगू? तो दुसरा माणूस ठेवील.

आईचा गुडघा कसा आहे? तिला कानाचं वाचून दाखवू नकोस. तू खाणीत कानात बोळे घालतोस ना?

तुझाच हट्टी,
क्लेटन

ता. क. दरवेळचे दोनशे जमले नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, म्हणून सोबत नव्वद डॉलर.