जमीन सैल होईपर्यंत

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
रविवार, २८ एप्रिल १९७४

प्रिय मेरिट,

आम्ही इथे ठीक आहोत. तुझं आणि अॅक्रनच्या त्या तुझ्या टायर कारखान्याचंही ठीक चाललं असेल असं धरून चालते, कारण तू काही कळवणार नाहीस.

गावात चिखलाचे दिवस आहेत. परवा पोस्टाची गाडी विनिफ्रेडच्या दुकानासमोर अर्ध्या चाकापर्यंत रुतली. ती बघायला सगळं गाव लोटलं, म्हणजे विनिफ्रेड, पाद्री आणि मी. मेपलचा पाक यंदा कमीच उतरला. शाळा बंद झाली, उरलीसुरली पोरं आता बसने खालच्या गावी जातात. दुपारची घंटा वाजत नाही, त्यामुळे आईला जेवायची वेळ कळत नाही.

आई बरी आहे, असं लिहिणार होते. ते खरं नाही. ती अजून बाबांचं ताट मांडते. एकदा मी बोलले, तर म्हणाली, "माती झाली का त्यांची? नाही ना? मग?" जानेवारीपासून बाबा टेकडीवरच्या दगडखोलीत शवपेटीत आहेत, बर्फात गेलेली आपली सगळी माणसं असतात तसे. गोठलेली जमीन सैल होईपर्यंत इथे कोणाचंच काही संपत नाही. तू हे विसरला असशील. तिकडे बहुतेक बाराही महिने खड्डे खणता येत असतील.

खरं सांगते, मला भीती वाटते. संध्याकाळी ओसरीवर बुटांचा चिखल झटकल्याचा आवाज येतो. कुत्रा उठून दाराशी जातो, शेपूट हलवतो आणि परत येऊन आडवा होतो. मी दार उघडत नाही.

आई रोज सकाळी दगडखोलीच्या पायरीवर कॉफीचा पेला ठेवून येते आणि दुपारी रिकामा घेऊन येते. खोलीची किल्ली ऑरिनकाकांकडे असते, म्हणून त्यांना विचारलं. म्हणाले, "मीच पितो गं. पेला भरलेला दिसला तर तिला काय वाटेल? आणि कॉफी काही वाईट नसते." मी हसले. पुढे मार्चमध्ये काका न्यूमोनियाने आठवडाभर इस्पितळात होते. पेला तेव्हाही रोज रिकामाच परत आला.

आता मुद्द्याचं. जानेवारीत मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, "त्यांनीच सांगितलंय, माझ्या मातीलासुद्धा येऊ नकोस." आणि फोन ठेवलास. तू खोटं बोलला नाहीस. तू शेती सोडलीस म्हणून विकलेल्या गायी नेणारा ट्रक अंगणात उभा होता, तेव्हा सगळ्यांदेखत बाबा बोलले होते ते. शब्द मागे घेणं बाबांना कधी जमलंच नाही. तुलाही नाही. दोघं एकाच माळेचे मणी, आणि मधल्या मध्ये आई भरडली गेली.

काल खड्ड्याची जागा बघायला काकांबरोबर वर गेले होते. पहार टोचून ते म्हणाले, "सुटली जमीन." मग पहारीवर रेलून सांगू लागले.

"नाताळात तुझा बाप आला होता माझ्याकडे. डॉक्टरने सांगितलं होतं त्याला. मी म्हटलं, वसंतापर्यंत दम धर. तर म्हणतो, नको, थंडीतच गेलेलं बरं."

"असं का?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, पोराला मातीला येऊ नको म्हणून बसलोय, आता ते गिळू कसं? पण बर्फात गेलो तर मातीआधी मे महिन्यापर्यंत मी दगडखोलीतच पडून असेन. तेवढ्यात तो आला तर कुलूप काढ, आणि तू बाहेर थांब."

"काका, हे तुम्ही आज सांगताय?"

"बोलावू नकोस म्हणाला होता. आपणहून आला तर येऊ दे म्हणाला. वाट बघितली की गं पोरी, सगळा हिवाळा. आता माझ्याने राहवत नाही."

मेरिट, तिथेच चिखलात बसून मी रडले. मग रागही आला, तुम्हा दोघांचा.

माती शनिवारी, अकरा मेला, सकाळी आहे. त्या दिवशी तू येऊ नकोस. बाबांचा शब्द आहे, तो आपण मोडायचा नाही.

शुक्रवारी ये.

आम्ही तिघंही वाट बघतोय.

तुझी,
लोर्ना