तुंबलेली मोरी आणि मालकाची जबाबदारी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्योजकाने लिहावी म्हणतात. करमाळ्याहून बिरप्पामामांनी विणलेल्या चार घोंगड्या आणल्या. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळे ती पत्र्यासारखी उभी राहते आणि अंगाला टोचते. शहरातलं गिऱ्हाईक टोचून घेत नाही. खळ काढायची, मऊ करायची, ऑनलाइन विकायची. मामा म्हणाले, ऊन पाण्यात घालू नगंस, लई आटंल की. मामांना मार्केटिंग कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
नळाला पाणी आलं. बाथरूममध्ये कढत पाणी, पावडर, घोंगड्या तुडवल्या. पाणी पिठल्यासारखं निघालं. म्हणजे खळ गेली. लोकरही बरीच गेली. सगळं मोरीत लोटलं. सक्सेस.
संध्याकाळी: घोंगड्या आटल्या. सुकन्या म्हणाली, आपल्या छोट्या ऋतुजाच्या अंगावरसुद्धा पुरायच्या नाहीत. बायकोचा स्वभाव. योगा मॅट म्हणून विकेन.

६ फेब्रुवारी
मोरीतून पाणी जाईना. घोट्यापर्यंत साचलं. योगायोग. घर जुनं, पाइप जुने.

७ फेब्रुवारी
मोबाइलवर वाचलं: भाड्याच्या घरात पाइपांची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. फार बरं वाटलं. पुढे 'भाडेकरूने स्वतः तुंबवल्यास' असं काहीतरी होतं. ते निष्काळजी लोकांसाठी. पुढचं वाचलं नाही.
सुकन्याचं म्हणणं, खाली जाऊन खरं काय ते सांगा. खाली मालक राहतात, महबूबचाचा आणि सुगराबी खाला. सुकन्या गारमेंटमधून सुटेपर्यंत ऋतुजा खालांकडेच असते, जेवतेही तिथेच. हे घर गेलं तर पोरीला कुठं ठेवू, मला काम सोडावं लागेल, असं म्हणून सुकन्या रडकुंडीला आली. मी समजावलं की मालकापुढे फार नमलं की मालक डोक्यावर बसतो.

९ फेब्रुवारी, रविवार
मोरीत तार घातली. तार आतच राहिली. काम निम्मं झालं.

१० फेब्रुवारी
खाली गेलो होतो. सांगणारच होतो. पण तिथे समराच्या मंगनीची गडबड. त्यांची एकुलती एक मुलगी. शुक्रवारी अक्कलकोटहून मुलाकडचे येणार. शुभकार्यात मोरीचा विषय बरा दिसत नाही, एवढं मला कळतं. चाचांनीच विचारलं, वर पाण्याबिण्याचा त्रास नाही ना? म्हटलं, एकदम ओके. चहा-खारी खाऊन आलो.

१२ फेब्रुवारी
सुकन्याने मोरी बंद केली. मंगनी होईपर्यंत अंघोळी गच्चीवर, बादलीने. पाणी कुंड्यांना. अति करते. मंगनीच्या आत मोरी सोडवून दाखवायची. निश्चय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी
सुकन्या मदतीला खाली गेली. संधी. प्रेशरचं साधं शास्त्र आहे. पिंप भरलेलं होतं, अख्खं मोरीत ओतलं.
सुटली! भस्सकन गेलं सगळं! मालकाचं काम मी केलं आणि बोभाटा केला नाही.

त्याच दिवशी, दुपारी
आमचा आणि त्यांचा पाइप एकच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळं खालांच्या स्वयंपाकघरातल्या मोरीतून वर आलं. खळ, लोकर, ती तार. बिर्याणीचे भिजवलेले तांदूळ जमिनीवर पातेल्यांत होते, त्यांत गेलं. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले. जिन्यातून पाहिलं, सुकन्या पदर खोचून हातांनी घाण उपसत होती. मी गच्चीवर थांबलो. घराकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं.
समराचं रडणं वरपर्यंत येत होतं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

१५ फेब्रुवारी
मंगनी झाली. मुलाकडचे समजूतदार निघाले. म्हणजे नुकसान तसं काहीच नाही. तरी चाचांनी जिन्यात गाठून सांगितलं, घर खाली करा. मी वाद घातला नाही. कायदेशीर उत्तर तयार करतोय. मुद्दा पहिला: पाइप एकच ठेवणं ही मालकाची चूक.

१६ फेब्रुवारी, रविवार
उत्तर घेऊन खाली गेलो. सुकन्या आधीच तिथे. घोंगड्यांपासून पिंपापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं होतं. माझ्या बाजूने एक शब्द नाही. ऋतुजा खालांच्या मांडीवर. चाचा मान खाली घालून बसलेले. मी पहिला मुद्दा काढला, कुणी ऐकला नाही. खाला सुकन्याला म्हणाल्या, तू आन् बच्ची रहो बेटी, ये घर तुमाराच है. तेरे घरवाले कू रखना की नको, तूच देख.
मी दारातच उभा होतो. सुकन्या माझ्याकडे न बघता म्हणाली, बघते.