भुसभुशीत बर्फातली मोटर

काश्मीर,
ता. ९ मार्च १९६४

आदरणीय शेषरावभाऊ,

मोतीरामचा जयभीम. आई अन् दुर्गावहिनी खुशाल असतील. मी मजेत आहे. धारणीच्या रस्त्यानं तुमची जीप यंदा कमी त्रास देत असेल, असं समजतो. पत्राले उशीर झाला, त्याचं कारण पुढं लिहितो.

पहिले आनंदाची गोष्ट. आमच्या फौजी वर्कशॉपात बर्फावरची मोटर आली, परदेशातली. पुढं चाकं नाईत. दोन स्की, म्हणजे तोंडाशी वर वळलेल्या लांब पट्ट्या. मागं रबराचा रुंद पट्टा फिरते. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. कडक बर्फावर ती अशी पळे का डोळ्यातून पाणी येई. पण वरच्या चौकीच्या वाटेवर पिठासारखा भुसभुशीत बर्फ. तिथं नेली का नाक खुपसून बसे. तुमची जीप पावसाळ्यात काळ्या गाऱ्यात, चिखलात फसते तशीच, फक्त गारा पांढरा.

कॅप्टनसाहेब अन् मी तिच्यामागं लागलो. स्कीची तोंडं किंचित आत वळलेली होती, त्यानं ती बर्फ नांगरतच जाय. दोरी धरून दोन्ही सरळ केल्या. स्कीवरच्या कमानीतला, जीपच्या चाकावर असते तशा पोलादी कमानीतला, एक पाटा काढला, तोंडावरचा जोर कमी झाला. साहेबांच्या डोक्यातून निघालं म्हणून स्कीखाली रुंद फळ्या ठोकल्या, त्याले मेण चोळलं. पट्ट्याच्या पुढच्या स्प्रिंगा ताणल्या, तं नाक वर आलं. आता मोटर तरंगे, पण वळाचं नाव घेईना. सरळ खड्ड्यात गेली, मी बर्फात पालथा, अन् साहेब पोट धरून हसून राहिले. मंग स्प्रिंगा जराशा ढिल्या केल्या, अन् वळणाच्या बाजूले अंग झुकवाले मी शिकलो. त्या दुपारी ती सारा उतार वळणं घेत चढली. भाऊ, मी एकटाच वरून ओरडत होतो. असा आनंद मले पहिल्या पगारातबी झाला नव्हता.

दोनच दिवसांनी वरच्या चौकीवरून वायरलेस आला. एका शिपायाच्या पोटात आतडं सुजलं, ऑपरेशन पाहिजे. ढगामुळं हेलिकॉप्टर उडेना, खेचरं छातीपर्यंत बुडत. तो शिपाई म्हणजे आपल्या चांदूर रेल्वेचा पंजाबराव. साहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, जातो.

जातानी काही अडचण नाई आली. येतानी मागं घसरगाडीवर पंजाबरावले बांधलं. ओझ्यानं नाक जास्तच उचललं अन् पट्टा रुतला. मी उतरलो. बर्फाखाली ओढा होता, डावा बूट पाण्यानं भरला. तसंच उभं राहून बर्फ उकरला, स्प्रिंगा अजून ढिल्या केल्या.

पंजाबराव कण्हत म्हणाला, "मोतीराम, मले इथंच ठेव. तू तरी जाय."

"चूप बस. तुह्या मायले काय सांगू मी?"

मोटर निघाली. अंधार पडाच्या आत आमी खाली पोचलो. ऑपरेशन झालं. आता तो बाजूच्या खाटेवर बसून ज्वारीच्या भाकरीसाठी भांडून राहिला.

हो भाऊ, बाजूच्याच खाटेवर. मीबी दवाखान्यात आहे. डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. चालता येईल, असं डॉक्टर म्हणतात. बर्फातली नोकरी मात्र सुटली. आता खालच्या वर्कशॉपात. मोटरचं वाईट वाटते, पायाचं तेवढं नाई.

आईले तुमी जवळ बसून सांगजा. अन् अकोल्याले जाऊन सुभद्राले अन् तिच्या वडलाले आमच्या लग्नाआधी सरळ सांगजा. तिनं नाई म्हटलं तं तिच्यावर कोणी रागवू नका. हे लिहाले मले चार कागद फाडावे लागले.

तुमचा धाकटा,
मोतीराम

अकोला,
ता. २६ मार्च १९६४

श्री. मोतीराम यांस जयभीम.

शेषरावभाऊ येऊन गेले. सारं ऐकून बाबा म्हणाले, विचार करून कळवतो. मी आतून बाहेर आले अन् म्हटलं, विचार माझा झाला. बाबांनी भाऊंना जेवायला थांबवून घेतलं.

तुम्ही मला न विचारता बर्फात गेलात, ते बरोबरच केलं. पण यापुढं मला विचारायचं.

लग्न ठरल्या दिवशीच आहे. तुम्ही काठी घेऊन आलात तरी चालेल.

तुमचीच,
सुभद्रा